लोकसंगीत म्हणायचे कशाला?

१९ फेब्रुवारी २०२३ या दिवसापासून ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे गीत महाराष्ट्राचे राज्यगीत झाले. शाहीर कृष्णराव साबळे यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षातच त्यांच्या कंठातून घरोघरी पोहोचलेल्या गीतास हा मान मिळावा, हा योग औचित्यपूर्ण होता. आता शाळांच्या पटांगणांवर आणि शासकीय समारंभांत ते नित्य कानी पडते. एखाद्या शाळेत जाऊन मुलांना विचारावे, की हे गीत कोणत्या प्रकारचे? बहुतेक मुले, आणि त्यांचे गुरुजीही, ‘लोकगीत’ किंवा ‘पोवाडा’ असे उत्तर देतील. शाहिराचा खडा आवाज आहे, रांगडा ताल आहे, सह्याद्रीचे वर्णन आहे. मग ते लोकगीत नाही तर काय? वस्तुस्थिती अशी, की हे गीत लिहिले राजा बढे यांनी, जे भावगीतांचे कवी म्हणून महाराष्ट्राला ठाऊक आहेत. त्याला चाल दिली श्रीनिवास खळे यांनी, ज्यांचे नाव उच्चारताच शाहिरी नव्हे, तर भावसंगीतातील अत्यंत हळुवार, अवघड स्वररचना आठवतात. ज्ञात कवी, ज्ञात संगीतकार, ज्ञात गायक, आणि तेही गेल्या शतकाच्या उत्तरार्धातले. मग त्यात ‘लोक’ आले कोठून? गाणाऱ्याच्या गळ्यातून, की ऐकणाऱ्यांच्या ओठांवरून?

हा प्रश्न विद्यापीठातील चर्चासत्रापुरता आहे, असे वाटण्याचा संभव आहे. तसा तो नाही. युवा महोत्सवात एखादे गीत ‘लोकसंगीत’ या गटात बसते की ‘सुगम गायन’ या गटात, हे परीक्षकाला ठरवावे लागते. आकाशवाणीवर गायकाची स्वरचाचणी कोणत्या विभागात व्हायची, सांस्कृतिक संचालनालयाच्या महोत्सवात कोणाला कोणत्या रांगेत बसवायचे, पुरस्काराच्या यादीत कोणाचे नाव कोणत्या शीर्षकाखाली यायचे, मानधनाचा आकडा किती असायचा, हे सारे त्या एका शब्दावर अवलंबून असते. शब्द कागदावरचा असला तरी त्याच्यामागे कोणाची तरी चूल असते.

‘लोकसंगीत’ हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे, की तो ज्ञानदेवांच्या काळापासून चालत आला असावा, असे वाटते. प्रत्यक्षात तो एका युरोपीय संकल्पनेचा अनुवाद आहे, आणि ती संकल्पना फार जुनी नाही. जर्मन विचारवंत हर्डर याने १७७८-७९ साली निरनिराळ्या देशांतील जनगीतांचा संग्रह प्रसिद्ध केला. राष्ट्राचा आत्मा राजवाड्यात किंवा ग्रंथालयात नव्हे, तर सामान्य जनांच्या गीतांत वसतो, हा त्याचा विचार. विखुरलेल्या जर्मन समाजाला एक राष्ट्र म्हणून स्वतःची ओळख पटण्यास त्या विचाराचा मोठाच हातभार लागला, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पुढे १८४६ साली विल्यम थॉम्स या इंग्रज गृहस्थाने ‘फोकलोर’ हा शब्द घडवला. तोवर इंग्लंडमध्ये कारखानदारीने खेडी रिकामी होऊ लागली होती. जे हरपत चालले आहे ते टिपून ठेवावे, या तळमळीने शहरातले सुशिक्षित लोक वही-पेन्सिल घेऊन खेड्यांकडे निघाले. त्यांच्यापैकी सेसिल शार्प याने १९०७ साली लोकगीतांविषयी आपले सिद्धांत मांडले. १९५४ मध्ये ब्राझीलमधील साओ पाउलो येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंगीत परिषदेने त्याच धर्तीवर व्याख्या केली. ती थोडक्यात अशी : जे मौखिक परंपरेने चालत आले, ज्याला भूतकाळाशी जोडणारे सातत्य आहे, ज्यात गाणाऱ्यांनी आपापल्या परीने बदल केले आणि ज्यातले काय टिकायचे हे समाजाने निवडले, ते लोकसंगीत. तयार झालेली, जशीच्या तशी उचललेली आणि न बदलता गायली जाणारी गीते त्यातून वगळली गेली.

व्याख्या विचारपूर्वक केलेली आहे. गंमत एवढीच, की ज्या परिषदेने ती केली, तिनेच १९८१ साली आपल्या नावातून ‘लोकसंगीत’ हा शब्द काढून टाकला आणि ‘पारंपरिक संगीत’ असा शब्द घेतला. पुढे २०२३ मध्ये तेही नाव पुन्हा बदलले. आपल्याकडे मात्र पाठ्यपुस्तकांतून आणि शासनाच्या नमुना अर्जांतून जुना साचा अजून तसाच आहे. मौखिक, अनामिक, ग्रामीण आणि साधे, अशा चार खुणा पटल्या की ते लोकसंगीत.

या खुणा मराठी संगीताला लावून पाहाव्यात. पहिले उदाहरण पोवाड्याचे. उपलब्ध पोवाड्यांतील सर्वांत जुना म्हणून जो मानला जातो, तो अफझलखानाच्या वधाचा पोवाडा १६५९ च्या प्रसंगावरचा, आणि त्याचा कर्ता अज्ञानदास ऊर्फ अगिनदास याचे नाव आपल्याला ठाऊक आहे. जिजाऊसाहेबांच्या आज्ञेवरून त्याने तो रचला, असे परंपरा सांगते. म्हणजे कर्ता ज्ञात, आश्रयदाता ज्ञात, प्रसंग ज्ञात. ‘अनामिक’ ही खूण येथे पहिल्याच पायरीवर गळून पडते. हे पोवाडे मुद्रित रूपात आले ते १८९१ साली, मुंबईचे तत्कालीन म्युनिसिपल कमिशनर हॅरी अॅकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या परिश्रमाने. गोंधळ्यांच्या तोंडून ते मिळवावे लागले. परक्या सत्तेच्या एका अधिकाऱ्याने हे काम करावे आणि आमच्या तत्कालीन पदवीधरांना त्याची फारशी तहान नसावी, ही बोच आहेच. परंतु याच अॅकवर्थसाहेबांनी पुढे त्यांतील काहींचा इंग्रजी अनुवाद केला, तेव्हा त्यांना ‘बॅलड’ हे नाव दिले. इंग्लंडच्या सरहद्दीवरील जुन्या गीतांच्या शेजारी शिवछत्रपतींचा पोवाडा नेऊन ठेवला गेला. राज्यकर्त्याच्या समक्ष, इतिहासाला साक्ष ठेवून, जाणत्या शाहिराने रचलेले काव्य ‘लोकांचे भाबडे गाणे’ या सदरात गेले ते असे.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. संत एकनाथांची भारुडे आज प्रत्येक लोककला महोत्सवात सादर होतात आणि लोकसंगीताच्या प्रत्येक पुस्तकात त्यांना प्रकरण असते. नाथमहाराज कोण? पैठणचे विद्वान, भागवताच्या एकादश स्कंधावर विवेचन करणारे, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करणारे. त्यांची सुमारे तीनशे भारुडे उपलब्ध आहेत. वासुदेव, जोशी, गोंधळी, भुत्या, जोगवा मागणारी स्त्री, जोहार घालणारा महार, अशी अवघी गावगाड्यातील माणसे त्यांत आपापल्या बोलीत बोलतात. म्हणजे एका पंडिताने समाजाच्या अंगणातून रूपे उचलली, त्यांत अध्यात्म भरले आणि ती पुन्हा त्याच अंगणात ठेवली. गेली चारशे वर्षे भारुडकार ती आपली म्हणून सादर करीत आले आहेत, त्यांत पदरचे घालीत आले आहेत, गावच्या सावकारापासून आजच्या मोबाईलपर्यंत सगळ्यांवर कोटी करीत आले आहेत. हे अभिजात की लोक? प्रश्नच चुकीच्या ठिकाणी उभा राहून विचारलेला आहे, हे नाथांच्या एका भारुडावरून कळते.

मग आपल्या परंपरेत संगीताचे वर्गीकरण नव्हते काय? होते, आणि चांगले सूक्ष्म होते. ‘मार्ग’ आणि ‘देशी’ हे ते दोन शब्द. मतंगमुनींच्या ‘बृहद्देशी’ या ग्रंथाच्या नावातच देशी आहे. स्त्रिया, बालके, गुराखी आणि राजे आपापल्या प्रदेशात प्रेमाने, स्वेच्छेने जे गातात ते देशी, अशा आशयाची व्याख्या त्यात येते. या यादीत राजा गुराख्याच्या शेजारी बसला आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. थॉम्सच्या शब्दात राजाला जागा नाही. मतंगाच्या शब्दात आहे. त्याच्या लेखी देशी म्हणजे अडाण्यांचे नव्हे, तर त्या त्या प्रदेशाच्या मातीतले. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे. काश्मीरचा वंशज, महाराष्ट्राच्या राजधानीत बसून, संस्कृतात ग्रंथ लिहितो आणि त्यात देशी संगीताची सविस्तर चर्चा करतो. हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही पद्धतींचे जाणकार आजही त्या ग्रंथाला प्रमाण मानतात. त्याही आधी, बाराव्या शतकात, कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने आपल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात नोंद करून ठेवली, की महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात. राजाने ज्ञानकोशासारखा ग्रंथ सिद्ध करावा आणि त्यात मुसळाच्या घावाबरोबर चालणाऱ्या ओवीला स्थान द्यावे! पुढे दीड शतकाने ज्ञानदेवांनी गीतेचे भाष्य सांगण्यासाठी तोच छंद निवडला. उखळापासून ब्रह्मविद्येपर्यंत एकच ओवी गेली, मध्ये कोणी जकात घेतली नाही.

अर्थात सारा दोष इंग्रजांच्या माथी मारून मोकळे होणे सोयीचे असले तरी खरे नव्हे. शब्द त्यांचा असेल, उतरंड आपलीही होती. याचा सर्वांत वेदनादायक पुरावा म्हणजे लावणी.

बैठकीच्या लावणीचा विचार करावा. गायिका बसून गाते. रागाचा आधार असतो. एकाच ओळीचा अर्थ स्वरांतून, मुद्रेतून, हाताच्या हालचालीतून पुन्हा पुन्हा नवा करून दाखवायचा असतो. ती अदा हीच तिची विद्या. वाईच्या यमुनाबाई वाईकर यांनी ही विद्या आयुष्यभर सांभाळली. आता ठुमरीचा विचार करावा. तीही बसून गायची, तिलाही रागाचा सैलसर आधार, तिच्यातही एकेका शब्दाचा भाव उलगडणे हेच मर्म. दोघींचा जन्म दरबारी आणि मैफली आश्रयाखालचा, दोघींच्या गायिकांच्या वाट्याला आलेली सामाजिक अवहेलनाही सारखीच. तरीही आज ठुमरी ‘उपशास्त्रीय’ म्हणून शास्त्रीय मैफलीच्या उत्तरार्धात सन्मानाने बसते आणि बैठकीची लावणी ‘लोककला’ या फलकाखाली फटाक्यांच्या आतषबाजीच्या आधी किंवा नंतर उरकली जाते. फरक संगीतात शोधून सापडणार नाही. ठुमरी विसाव्या शतकाच्या आरंभी ख्यालगायकांनी आपल्या मैफलीत घेतली. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्यासारख्यांनी ती महाराष्ट्रात घरोघर नेली. गोविंदराव टेंब्यांनी १९११ च्या ‘संगीत मानापमाना’त पूरब अंगाच्या चाली आणल्या आणि मराठी मध्यमवर्गाने त्या डोक्यावर घेतल्या. काशी-लखनौची गायकी पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यात पाहुणी म्हणून आली आणि घरची झाली. वाई-साताऱ्याची लावणी मात्र दाराबाहेर उभी राहिली. तिला जवळ करायचे तर तिच्या गायिकेला जवळ करावे लागले असते. ते धाडस त्या मध्यमवर्गाने केले नाही. पुढे चित्रपटातील लावणी दिवाळीच्या फराळाबरोबर चालू लागली, कारण पडद्यावरची नटी आपल्या घरी पाणी मागायला येणार नव्हती.

तमाशाची कथाही याच सुरातली. स्वातंत्र्यानंतर लगेचच मुंबई राज्यात तमाशावर बंदी आली. पुढे वगांच्या संहिता तपासून मगच प्रयोगाला अनुमती, अशा अटीवर तो पुन्हा सुरू झाला. याच सुमारास ‘लोकनाट्य’ हा शब्द प्रतिष्ठित झाला. तमाशा म्हटले की नाक मुरडायचे आणि लोकनाट्य म्हटले की तिकीट काढून सहकुटुंब जायचे, अशी सोय त्या नावाने झाली. या नावाचा लाभ शहरी रंगमंचाला पुरेपूर झाला. फडांनीही आपल्या पाट्यांवर ‘लोकनाट्य तमाशा मंडळ’ असे जोडनाव लिहिले. परंतु ट्रकमधून गावोगाव फिरणाऱ्या फडमालकाचे कर्ज आणि नाचणाऱ्या स्त्रीचे म्हातारपण त्या नवीन पाटीने बदलले नाही. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला आणि तरीही त्यांची अखेर आर्थिक विवंचनेत झाली, हे महाराष्ट्राने २००२ साली पाहिले. नंतर राज्य शासनाने त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. उशिरा सुचलेले शहाणपणही शहाणपणच, एवढेच म्हणता येते.

कप्पे पक्के करण्यात आकाशवाणीचा वाटा मोठा आहे. १९५२ ते १९६२ या काळात डॉ. बाळकृष्ण केसकर हे नभोवाणी मंत्री होते. चित्रपटगीतांना त्यांनी जवळजवळ हद्दपार केले, शास्त्रीय संगीताला मानाचे स्थान दिले आणि मधली पोकळी भरण्यासाठी ‘सुगम संगीत’ हा विभाग उभा राहिला. कलावंतांसाठी स्वरचाचणी आणि श्रेणी आल्या. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. गुणी माणसांना नियमित काम मिळाले, हेही खरे. अनेक ग्रामीण गायकांचा आवाज केवळ आकाशवाणीमुळे ध्वनिफितींत उरला आहे. मात्र शास्त्रीय, उपशास्त्रीय, सुगम, लोक या कप्प्यांना क्रम लागला आणि क्रमाबरोबर प्रतिष्ठा व बिदागीही लागली. एकच अभंग दिंडीत वारकऱ्याने टाळ-मृदंगावर म्हटला की लोकसंगीत, भजनी मंडळाने म्हटला की भक्तिसंगीत, पं. भीमसेन जोशींनी म्हटला की मैफलीचे संगीत. तुकोबांना यातला कोणता विभाग पसंत पडला असता?

शुद्धतेच्या आग्रहातून तर मोठे विनोद घडतात. हार्मोनियम हे वाद्य युरोपातून आले. ते भारतीय संगीताला मानवत नाही म्हणून १९४० पासून काही दशके आकाशवाणीवर त्याला बंदी होती. त्याच काळात महाराष्ट्रातील प्रत्येक देवळात भजनाला पेटी होती, आणि आज ‘पारंपरिक भजन’ म्हणताच प्रथम पेटी डोळ्यांसमोर येते. शेजारच्या गोव्यात मांडो हा गीतप्रकार एकोणिसाव्या शतकात सधन ख्रिस्ती घरांच्या दिवाणखान्यांत जन्मला. त्याचे अनेक रचनाकार नावानिशी ज्ञात आहेत, त्यात व्हायोलिन आहे आणि त्याच्या शेजारी घुमटही आहे. लोकगीतांच्या यादीत तो सुखाने नांदतो आहे. समाजाला जे आपलेसे करायचे असते ते तो करतो, जन्मदाखला मागत नाही.

उलट दिशेचा प्रवासही तितकाच जुना आहे. मांड, पहाडी, देसी या रागांची नावेच त्यांचे माहेर सांगतात. अलीकडच्या काळातील तेजस्वी उदाहरण पं. कुमार गंधर्वांचे. क्षयाच्या आजाराने ग्रासलेले कुमारजी १९४८ साली माळव्यात देवासला आले. देवास हे पवारांचे मराठी संस्थान. गाणे बंद होते, अंथरुणावर पडून ऐकणे तेवढे हाती होते. दारावरून जाणाऱ्या बायकांची गाणी, सणावारांची, लग्नाची, पावसाची गाणी त्यांनी ऐकली, पुढे पत्नी भानुमती यांच्या साहाय्याने जमवली, स्वरलिपीत उतरवली. त्या धुनांतून त्यांना राग सापडले. मालवती, सहेली तोडी, लगनगांधार असे ‘धुनउगम’ राग १९६५ च्या ‘अनूपरागविलास’ या ग्रंथात त्यांनी दिले. कुमारजींचे म्हणणे एवढेच होते की रागांचे मूळ या धुनांत आहे. शास्त्रीय संगीताच्या कर्मठ वर्तुळात त्यावर वादळ उठले. ज्याला ‘साधे’ म्हणून बाजूला ठेवले होते त्यात सप्तकाचे इतके बारकावे असावेत, हे पचनी पडण्यास वेळ लागला. गुरूच्या घरी न शिकता, चुलीपाशी आणि पाणवठ्यावर शिकलेल्या त्या माळवी बायकांना अशिक्षित म्हणायचे की काय, याचा निर्णय त्यानंतर अवघड झाला.

हे सर्व वाचून कोणी म्हणेल, की मग ही नावे हवीत कशाला? संगीत हे संगीत, चांगले किंवा वाईट. हा विचार उदार वाटतो आणि तरुण पिढीला तो आवडतोही. परंतु त्यात एक धोका आहे. गोंधळ हे उदाहरण घ्यावे. लग्नानंतर कुलधर्म म्हणून घरी गोंधळ घालतात. चौक भरला जातो, घट मांडला जातो, दिवटी पेटते, गावोगावच्या देवींना नावानिशी आवाहन होते, संबळ आणि तुणतुण्याच्या साथीने रात्रभर आख्यान चालते. गोंधळी हा त्या घराचा परंपरेने ठरलेला उपासक. आता तोच गोंधळ स्नेहसंमेलनात सहा मिनिटांत, ध्वनिमुद्रित संगीतावर, बारा मुलांच्या नाचात बसवला जातो. तो बसवू नये असे नाही. मुलांना संबळाचा ठेका तरी कळतो. पण दोन्हींना एकच नाव आणि एकच मोल दिले, तर रात्रभर जागणाऱ्या गोंधळ्याला बोलावण्याची गरज दहा वर्षांत कोणाला वाटणार? तेथे नाव नेमके असण्याला अर्थ आहे. संगीतशास्त्रज्ञ डॉ. अशोक रानडे यांनी संगीताच्या आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम अशा कोटी मांडल्या, त्या याच दृष्टीने. संगीत कोणत्या प्रसंगी, कोणासाठी, कशा रीतीने प्रकटते, हा त्यांचा निकष होता. श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवण्याचा त्यात हेतू नव्हता. रानडे स्वतः शास्त्रीय गायकही होते आणि ‘लोकसंगीतशास्त्र’ या नावाचा ग्रंथ त्यांनी लिहिला, हे मुद्दाम नमूद करावेसे वाटते. ज्याला शास्त्र आहे त्याला ‘अशास्त्रीय’ कसे म्हणणार?

नाव नेमके हवे, याचे आणखी एक कारण अगदी व्यवहारातले आहे. ध्वनिफितींच्या वेष्टणांवर आणि आता मोबाईलवरील गाण्यांच्या याद्यांत गीतकार या शब्दापुढे ‘पारंपरिक’ असे छापलेले पुष्कळदा दिसते. कायद्याच्या भाषेत याचा अर्थ असा, की कर्ता ज्ञात नाही, म्हणून स्वामित्वहक्क कोणाचा नाही, म्हणून मोबदला कोणाला द्यायचा नाही. जे गीत एखाद्या वाघ्या-मुरळीने, एखाद्या धनगर गजीमंडळाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले, ते कोणीही उचलावे, त्याला नवा ठेका लावावा आणि नव्या ठेक्याचा हक्क मात्र स्वतःच्या नावे नोंदवावा, असा मार्ग त्यातून मोकळा होतो. आपल्या देशात अशा पारंपरिक अभिव्यक्तींना संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा अद्याप नाही. उलट, ज्ञात कवीही या शब्दाखाली हरवतात. हृदयनाथ मंगेशकरांच्या संगीतातील ‘मी डोलकर’ हे गीत आज कोळीवाड्यातील हळदीला हटकून वाजते आणि ते शांता शेळके यांनी लिहिले आहे, हे सांगितले तर अनेकांना आश्चर्य वाटते. शांताबाईंना या विस्मरणाचा खेद झाला नसता. कवीला याहून मोठी पावती कोणती? पण ‘पारंपरिक’ असे छापणाऱ्याला माहिती शोधण्याचा आळस होता, यास पावती म्हणता येणार नाही.

‘लोकसंगीत’ हा शब्द टाकून द्यावा, असा याचा अर्थ नाही. ग्रंथालयात कपाटावर पाटी लागते, तशी ती असू द्यावी. कपाट उघडल्यावर आत मात्र गोंधळ, जागरण, भारूड, पोवाडा, धनगरी ओवी, वासुदेव, दशावतार, डहाका, कलापथक आणि वनवासी बांधवांच्या तारप्यावरचा नाच, ही प्रत्येकाची स्वतःची नावे दिसली पाहिजेत. एका नावाखाली सगळे ढकलले, की खंडोबाचे जागरण आणि कोळ्यांचे नाचगाणे एकाच ‘लोकधारे’तले पाच-पाच मिनिटांचे तुकडे होतात. शाहीर साबळ्यांच्या ‘महाराष्ट्राची लोकधारा’ने शहरी प्रेक्षकाला या प्रकारांची पहिली ओळख करून दिली, हे तिचे ऋणच आहे. साबळे स्वतः पसरणीच्या मातीतले. कोणता प्रकार कोठून आला हे त्यांना ठाऊक होते. त्यांच्या नंतर झालेल्या असंख्य नकलांना ते ठाऊक असतेच असे नाही.

गणेशोत्सव आणि नवरात्र मंडळांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या हाती या बाबतीत बरेच काही आहे. कार्यक्रमपत्रिकेत ‘लोकसंगीताची मेजवानी’ असे छापण्याऐवजी ‘जेजुरीच्या खंडोबाचे जागरण’ असे छापावे, मुख्य वाघ्याचे आणि मुरळीचे नाव, त्यांचे गाव लिहावे. ध्वनिक्षेपकाचे भाडे ठरवताना जी घासाघीस होत नाही, ती संबळवाल्याच्या बिदागीत होऊ नये. बैठकीच्या लावणीचा एखादा कार्यक्रम शास्त्रीय संगीताच्या श्रोत्यांसमोर, त्याच सभागृहात, त्याच शांततेत ठेवून पाहावा. सहकुटुंब येण्याचा संकोच किती दिवस टिकतो, ते आपोआप कळेल.

नावांची अशी जपणूक कशी असते, याचा एक नमुना महाराष्ट्रातच आहे. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवना’त ओव्या जमवल्या, दुर्गाबाई भागवत आणि डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याच्या अभ्यासाला शिस्त आणि शासनमान्यता मिळवून दिली. त्यानंतर हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ या अभ्यासकांनी पुण्याहून एक प्रकल्प हाती घेतला. वैचारिक दृष्ट्या ही मंडळी वेगळ्या वाटेने चालणारी. पण कामाचे मोल वाटेवरून ठरत नाही. पिठाची गिरणी गावात पोहोचली, जाते अडगळीत गेले आणि पहाटेचा प्रसंगच उरला नाही, तेव्हा म्हाताऱ्या बायकांकडे जाऊन त्यांनी एक लाखाहून अधिक ओव्या नोंदवून घेतल्या. बऱ्याच जणींना जात्याचा खुंटा हातात आल्याशिवाय ओवी आठवत नसे. या संग्रहातील ओव्या २०१७ पासून महाजालावरही क्रमाने येत आहेत. कर्त्याच्या जागी ‘पारंपरिक’ असा शिक्का मारून मोकळे होण्याची सोय त्यांनाही होती. त्यांनी ओवीखाली ती गाणाऱ्या बाईचे नाव लिहिले, आणि पुढे गाव व तालुका.